कवळी घालून की काढून? वॉल्टर ब्रेनन आणि त्याचे म्हातारे

१९३५ साली दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स 'बार्बरी कोस्ट' या चित्रपटाची जुळवाजुळव करत होता. एका बारक्याशा भूमिकेसाठी वॉल्टर ब्रेनन नावाचा नट त्याच्यापुढे येऊन उभा राहिला. हॉक्सने संवाद वाचायला दिले, तर हा गडी आधी विचारतो, "घालून की काढून?" हॉक्सने विचारलं, "काय घालून?" उत्तर आलं, "दात." हॉक्स हा किस्सा पुढे आयुष्यभर सांगत राहिला. काही दिवसांचं ते काम वाढत वाढत काही आठवड्यांचं झालं आणि ब्रेननचं नशीब फिरलं.

हॉक्स गोष्ट रंगवून सांगण्यात तरबेज होता, त्यामुळे त्यातला मीठमसाला बाजूला काढावा. तरी तो प्रश्न मात्र अस्सल धंद्यातला आहे. ब्रेनन तेव्हा चाळीस वर्षांचा होता. काही वर्षांपूर्वी तोंडावर जबर मार बसून त्याचे बरेचसे दात गेले होते आणि कवळी आली होती. दुसरा एखादा नट ही गोष्ट लपवत बसला असता. ब्रेननने तिचं हत्यार केलं. एकाच चेहऱ्याची दोन वयं त्याच्या खिशात होती, आणि दिग्दर्शकाला कुठलं हवंय एवढंच तो विचारत होता.

त्याच्याबद्दल लिहिणारे 'हॉलिवूडचा लाडका म्हातारा' म्हणून मोकळे होतात. टीव्हीवरचा ब्रेनन तेवढाच पाहिला असेल तर ते बरोबरही वाटतं. पण १९३५ ते १९५९ मधलं त्याचं काम सलग पाहिलं की वेगळंच चित्र दिसतं. त्याने म्हातारपणाचे सुटे भाग करून ठेवले होते: तोंड, आवाज, चाल, हात, नजर. एका भूमिकेत त्यातले दोन, फार तर तीन काढायचे आणि बाकीचे कडीकुलपात. म्हणूनच त्याचा दारुडा, त्याचा खुनी बाप आणि त्याचा लंगडा हवालदार ही तीन वेगळी माणसं वाटतात, आवाज ओळखीचा असूनही.

आधी थोडं पूर्वायुष्य, कारण त्यात 'गावरान पश्चिमेकडचा म्हातारा' कुठेच नाही. ब्रेनन जन्मला २५ जुलै १८९४ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी, आयरिश कॅथलिक घरात. म्हणजे देशाच्या पार पूर्व टोकाला, कारखान्यांच्या पट्ट्यात. शिक्षण केंब्रिजच्या रिंज तांत्रिक शाळेत, इंजिनिअरिंगच्या वाटेवरचं. नाटकाचा नाद तिथेच लागला. पहिल्या महायुद्धात १०१ व्या फील्ड आर्टिलरी रेजिमेंटमधून तो फ्रान्सला जाऊन आला. १९२० मध्ये रूथ वेल्सशी लग्न झालं आणि ते त्याच्या मरणापर्यंत, चोपन्न वर्षं, टिकलं. मग कॅलिफोर्निया. तिथे जमिनीच्या खरेदी-विक्रीत चांगला पैसा मिळाला, आणि बाजार कोसळल्यावर तितक्याच झपाट्याने गेला. पोटापाण्यासाठी तो स्टुडिओंच्या फाटकावर गेला तो असा. तिशी उलटली होती आणि घरी लेकरं होती.

तेव्हा एक्स्ट्राचं काम सेंट्रल कास्टिंगमधून मिळे. ही कचेरी १९२५ च्या अखेरीस स्थापन झाली. रोज फोन करायचा आणि काम आहे का विचारायचं. गर्दीतला चेहरा, टपालवाला, शेजारी, टांगेवाला, पडेल ते काम. पुढे मोठा झालेला गॅरी कूपरही त्याच काळात असाच धडपडत होता, आणि दोघांची ओळख तिथली. १९३४ मध्ये थ्री स्टूजेस या विनोदी त्रिकुटाच्या एका लघुपटात ब्रेनन रेल्वेचा कंडक्टर आहे. १९३५ च्या 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मध्ये तो गावकऱ्यांत आहे, पापणी लवली की निसटतो. दहा वर्षं असं काम केलं की नटाला एक गोष्ट पक्की कळते. आपल्या वाट्याला कॅमेरा मोजून काही सेकंद येणार, तेवढ्यात माणूस उभा राहिला पाहिजे. नाव नाही, पूर्वकथा नाही, संवाद अर्धा. मग उरतं काय? चाल आणि तोंड.

आता तोंडाचं बघू. कवळी काढली की एकदम तीन गोष्टी होतात. दातांचा अडसर गेल्याने खालचा जबडा नेहमीपेक्षा जास्त मिटतो, हनुवटी वर आणि पुढे येते, नाक-हनुवटीतलं अंतर घटतं. ओठांना मागून आधार उरत नाही म्हणून ते आत वळतात, गालांना खळगे पडतात आणि वरून येणारा प्रकाश ते आणखी खोल करतो. रंगभूषाकाराला तासभर लागेल ते काम दोन सेकंदांत होतं, तेही रंग न लावता, त्यामुळे अगदी जवळच्या शॉटमध्येही ते खोटं दिसत नाही. तिसरी गोष्ट उच्चारांची. इंग्रजीतल्या 'फ' आणि 'व्ह'ला वरचे दात खालच्या ओठावर टेकावे लागतात, 'थ'ला जीभ दातांच्या फटीत जावी लागते. दातच नसतील तर हे सगळे आवाज फुसफुसतात, आणि 'स'ची शिट्टी होते.

गोची इथेच आहे. तिशीच्या दशकातलं ध्वनिमुद्रण वरच्या कंपनांचे आवाज नीट टिपत नसे, आणि 'स', 'फ', 'थ' हे नेमके तिथलेच. म्हणजे बोळक्या तोंडाने बोललेलं वाक्य थिएटरात पोचेपर्यंत अर्धं गळून जायचा धोका. ब्रेननने यावर काढलेला तोडगा कान देऊन ऐकला की कळतो. गेलेली व्यंजनं तो ओढून आणायला जात नाही. भार स्वरांवर टाकतो, ते ताणतो, आवाज एकदम वरच्या पट्टीत नेतो आणि मध्येच चिरकू देतो. महत्त्वाचा शब्द बहुधा वाक्याच्या शेवटी येतो, त्याच्याआधी एक बारीक थांबा. लोकांनी पुढे ज्याच्या नकला केल्या तो 'ब्रेननचा चिरका आवाज' नुसता लहरीपणा नव्हता. शब्द पोचवायची ती सोय होती.

दुसरा धोका जास्त मोठा. बोळकं तोंड दिसलं की प्रेक्षक हसतो. आपोआप हसतो, प्रसंग कसलाही असो. त्यामुळे जिथे हसू नको तिथे कवळी तोंडात राहिली पाहिजे. हे तारतम्य ब्रेननला पक्कं होतं, आणि त्याच्या नकला करणाऱ्यांना कधीच जमलं नाही.

'बार्बरी कोस्ट'नंतर निर्माता सॅम्युएल गोल्डविनच्या कंपनीत त्याचं बस्तान बसलं आणि १९३६ मध्ये 'कम अँड गेट इट' आला. एडना फर्बरच्या कादंबरीवरचा, विस्कॉन्सिनच्या लाकूडतोड्यांचा. दिग्दर्शक हॉक्स, गोल्डविनशी बिनसल्यावर तो बाहेर पडला आणि विल्यम वायलरने चित्रपट पुरा केला. ब्रेनन यात स्वान बोस्ट्रोम, स्वीडिश लाकूडतोड्या. नायक पैशासाठी जिला सोडून जातो तिच्याशी हा लग्न करतो. इथे लंगडणं नाही, बोळकं नाही. मुख्य साधन आहे हेल, स्कँडिनेव्हियन माणसाचा चढ-उतारांचा, गाणं म्हटल्यासारखा. आणि एक अवघडलेपणा: मोठा देह, पण मित्राच्या प्रेयसीपुढे हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर त्या वर्षी पहिल्यांदाच देण्यात आलं, आणि ते ब्रेननला मिळालं. बेसिल रॅथबोन, मिशा आवर, अकिम तामिरॉफ असे मातब्बर रांगेत होते. सहाय्यक कलाकारांना तेव्हा ऑस्करची ती सोनेरी बाहुली मिळत नसे, नाव कोरलेली पाटी मिळे. बाहुली १९४४ च्या सोहळ्यापासून सुरू झाली.

दुसरं ऑस्कर १९३८ च्या 'केंटकी'साठी. चित्रपट सुरू होतो १८६१ मध्ये, अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या तोंडावर. छोट्या पीटर गुडविनच्या बापाला घोड्यांपायी गोळी घातली जाते, आणि गोळी घालणाऱ्या घराण्याचा राग तो जन्मभर धरून बसतो. कथा वर्तमानात येते तेव्हा पीटर ऐंशीच्या पुढचा आहे. ब्रेनन चव्वेचाळीसचा. काम सफाईदार आहे, पण हा पुरस्कार मला पटत नाही. पीटर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच सुरात कावलेला आहे; चित्रपट त्याला दुसरा सूर देतच नाही. त्या वर्षी 'फोर डॉटर्स'मधला जॉन गारफिल्ड समोर होता, आणि त्याचं काम आजही ताजं वाटतं.

मग ब्रेननला का मिळालं? हॉलिवूडमध्ये वर्षानुवर्षं सांगितलं जाणारं कारण म्हणजे एक्स्ट्रा कलाकार. १९३० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्करच्या मतदानात त्यांनाही मत होतं. त्यांची संख्या मोठी, आणि ब्रेनन त्यांचा माणूस, त्यांच्यातून वर गेलेला. 'केंटकी'च्या बाबतीत हे कारण मला पटण्याजोगं वाटतं. तिसऱ्या पुरस्काराला मात्र ते लावू नये.

तिसरा पुरस्कार १९४० च्या 'द वेस्टर्नर'मधल्या जज रॉय बीनसाठी. बीन खरा होऊन गेला. टेक्सासमध्ये दारूच्या गुत्त्यात कोर्ट भरवणारा, पेकोस नदीच्या पश्चिमेला आपणच कायदा म्हणवणारा, आणि लिली लँगट्री या इंग्रज नटीच्या प्रेमात आकंठ बुडालेला. तिला तो आयुष्यात भेटला नाही. १९०३ मध्ये तो गेला आणि ती त्याच्या गावात आली ती त्यानंतर. गॅरी कूपर नायक होता, पण पटकथा वाचून तो कुरकुरला होता, कारण हा चित्रपट बीनचा आहे हे त्याला दिसलं होतं. त्याचं काही चुकलं नव्हतं.

यातला एक धागा नीट बघण्यासारखा आहे. घोडाचोरीच्या आरोपावरून बीन कूपरला फासावर द्यायला निघालेला. कूपर भिंतीवरची लिलीची चित्रं पाहतो आणि सहज बोलून जातो की आपण तिला भेटलोय, तिच्या केसांची एक बटही आपल्याकडे आहे. अर्थातच थाप. बीनला ती बट हवी. पण माणूस बेरकी आहे, हा थापा मारत असेल हेही त्याला कळतंय. ब्रेननने इथे म्हातारपणाचे सगळे भाग आत ठेवलेत आणि फक्त नजर बाहेर काढली आहे. चेहरा न्यायाधीशाचाच राहतो, ओठ तसेच कडक, आणि डोळे मात्र जत्रेतल्या पोराचे होतात. संशय आणि आशा एकाच वेळी. मघाशी थंडपणे माणूस लटकवायला निघालेला हाच तो, हे आपण विसरत नाही, ब्रेनन विसरू देत नाही. शेवटी लिलीचा कार्यक्रम आला की तो सगळी तिकिटं एकटाच विकत घेतो, यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या बाजूचा, जुना कॉन्फेडरेट लष्करी पोशाख चढवून रिकाम्या थिएटरात बसतो, आणि पडदा वर जातो तेव्हा मंचावर उभा असतो कूपर, बंदूक घेऊन. बीन क्रूर आहे, आणि त्या क्षणी त्याच्याबद्दल वाईटही वाटतं. हे दोन्ही एका शॉटमध्ये साधणं कठीण. अभिनयाची तीन ऑस्कर मिळवणारा ब्रेनन हा पहिला कलाकार ठरला.

१९४१-४२ ही दोन वर्षं घाईत पाहू नयेत. 'मीट जॉन डो'मध्ये तो 'कर्नल' आहे, कूपरचा भटक्या सोबती. पैसा हाती आला की माणसाभोवती विकणाऱ्यांची टोळी जमते आणि स्वातंत्र्य जातं, असं त्याचं तत्त्वज्ञान. ते तो ज्या वेगाने आणि तिरसटपणे सांगतो तो भाग ऐकायलाच हवा. एकदा कूपर हार्मोनिका वाजवतो आणि हा ओकारिना, म्हणजे फुंकून वाजवायचं छोटं वाद्य, तेवढ्या वेळात दोघांची दोस्ती कळून जाते. त्याच वर्षी 'सार्जंट यॉर्क'मध्ये तो टेनेसीच्या डोंगरातला पाद्री रोझियर पाइल आहे. जाड भुवया, जड आवाज, शांत. या भूमिकेसाठी चौथं नामांकन मिळालं, पुरस्कार डोनल्ड क्रिस्पला गेला. आणि १९४२ च्या 'प्राइड ऑफ द यँकीज'मध्ये तो चक्क शहरी क्रीडा पत्रकार: सूट, दात जागेवर, चाल सरळ, वयही जवळपास खरंखुरं. भटक्या, पाद्री, पत्रकार. तिन्ही कूपरसोबत, लागोपाठ. अष्टपैलू हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकलाय, पण इथे तो बसतो.

आता एडी. १९४४ चा 'टू हॅव अँड हॅव नॉट', पुन्हा हॉक्स. मार्टिनिक बेट, नायक हम्फ्री बोगार्टची मासेमारीची बोट आणि तिच्यावरचा दारुडा एडी. दारुडा करताना नट हमखास घसरतात ते दोन ठिकाणी. एक, जीभ जड करतात आणि झोकांड्या खातात; पण मुरलेला दारुडा झोकांड्या टाळायची धडपड करत असतो. दोन, प्रेक्षकाची कीव मागतात. ब्रेनन दोन्ही करत नाही. त्याने चाल पकडली: पाय घासत येतो आणि मधूनच चालीला उचकी लागते, एक आखूड उडी, की पुन्हा घासत. जणू शरीर आणि तो यांचं जमत नाहीये आणि तो ते सावरून घेतोय. हात सतत कशाला तरी धरून असतात, कारण सोडले तर थरथरतील.

बोगार्टला कुणी तरी विचारतं, या दारुड्याला का सांभाळतोस? तो म्हणतो, एडीला वाटतं तोच मला सांभाळतोय. ब्रेननची सगळी भूमिका या वाक्यावर उभी आहे. एडी स्वतःला विदूषक समजत नाही. तो कामावर आहे. म्हणून नवा माणूस भेटला की त्याची परीक्षा घेतो: "मेलेली मधमाशी कधी चावलीये का तुला?" लोक त्याला झटकून टाकतात, आणि एडीच्या लेखी ते नापास. लॉरेन बॅकॉल मात्र ठोकून उलट विचारते, तुला चावलीये का? इथे ब्रेननचं तोंड पाहा. तो हसत नाही. आधी दचकतो, मग गंभीर होतो, कारण पहिल्यांदाच कुणी विषय नीट घेतलाय. मग तो समजावून सांगतो की अनवाणी चालताना मेलेल्या माशीवर पाय पडला तर तीही जिवंत माशीइतकीच डसते, विशेषतः मरताना ती रागात असेल तर. ती विचारते, तू उलट का चावत नाहीस? तो म्हणतो, चावलो असतो, पण मला नांगी कुठेय. हे सगळं तो एखाद्या जाणकाराने हवामान सांगावं तसं सांगतो. बॅकॉल तेव्हा एकोणीस वर्षांची, पहिलाच चित्रपट. समोरचा नट विनोद करायला गेला असता तर ती उघडी पडली असती. ब्रेनन तिला साथ देतो, भाव खात नाही.

दोनच वर्षांनी, १९४६ मध्ये, जॉन फोर्डच्या 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन'मध्ये तो म्हातारा क्लँटन झाला. एडी पाहून लगेच हा पाहावा. चिरका आवाज गायब, आवाज खाली, संथ. उचकीची चाल गायब, हा माणूस हलतच नाही फारसा. तोंडाचं बोळकं नाही. पहिल्याच प्रसंगात तो नायक वायट अर्पशी जनावरांचा सौदा करायला बघतो, बोलणं अगदी मऊ, आणि जवळच टूमस्टोन गाव आहे अशी आपुलकीने माहिती देतो. काही वेळात अर्पची जनावरं चोरीला गेलेली असतात आणि धाकटा भाऊ मेलेला.

दारूच्या दुकानातला प्रसंग मी या भूमिकेचा कणा मानतो. क्लँटनची पोरं अर्पपुढे बंदूक काढायला जातात आणि तोंडघशी पडतात. अर्प निघून जातो. बाप उठतो, घोड्याचा चाबूक घेतो आणि आपल्याच धटिंगण पोरांना झोडपतो. मग सांगतो, बंदूक काढलीस तर माणूस मार. आरडाओरडा नाही. वळण लावणारा बाप बोलेल तशा सुरात. भीती वाटते ती त्या सुरामुळे. पोरं प्रौढ आहेत, हत्यारबंद आहेत, आणि मान खाली घालून मार खातात. या घरात आजवर काय काय घडलं असेल ते त्या अर्ध्या मिनिटात कळतं, कुणी न सांगता.

इतिहास वेगळा आहे हेही सांगून टाकतो. खरा म्हातारा क्लँटन ऑगस्ट १८८१ मध्येच मारला गेला. चित्रपटाच्या शेवटी येणारी, अर्प आणि क्लँटन यांच्यातली ओके कोरलची चकमक झाली त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला. फोर्डने मेलेल्याला चकमकीत उभं केलं आणि चित्रपटाचं भलंच झालं. फोर्ड आणि ब्रेननचं सेटवर जमलं नाही, पुन्हा त्यांनी एकत्र काम केलं नाही. दोघांचंही नुकसान, पण ब्रेननचं जास्त. इतका थंड खलपुरुष त्याच्याकडून पुन्हा कुणी मागितला नाही.

हॉक्सबरोबर त्याचे एकूण सहा चित्रपट. 'रेड रिव्हर' १९४८ ला आला, चित्रण १९४६ चं. ग्रूट हा गुरांच्या तांड्याचा स्वयंपाकी. तो जुगारात आपली कवळी एका रेड इंडियन सोबत्याला हरतो आणि मग जेवायच्या वेळी ती मागून घ्यावी लागते. तांडा पुढे जात राहतो तशी ही गंमत मधूनमधून येते. पण ग्रूटचं खरं काम दुसरंच आहे. जॉन वेनचा डनसन हट्टाने वेडा होत जातो, आणि तोंडावर 'तुमचं चुकलं' म्हणायची ताकद फक्त या स्वयंपाक्यात आहे. ब्रेनन ते न चढता, जवळजवळ नाइलाजाने म्हणतो. ज्याच्या कवळीवर आपण हसलो त्यानेच हे म्हणावं, म्हणून ते वेनला लागतं आणि आपल्यालाही. 'रिओ ब्राव्हो'तला (१९५९) स्टंपी हा ग्रूटचाच धाकटा भाऊ: लंगडा, बोळका, तुरुंगाच्या दाराआड बंदूक घेऊन बसलेला आणि अखंड किरकिर करणारा. मजा येते, पण इथे तोंड, आवाज, चाल सगळंच एकदम बाहेर काढलेलं आहे. हॉक्सच्या हाताखाली ते खपून जातं.

टीव्हीवर ते मुरलं. 'द रिअल मॅकॉइज' ही मालिका १९५७ ते १९६३ चालली, २२४ भाग. वेस्ट व्हर्जिनियाहून कॅलिफोर्नियाच्या सॅन फर्नांडो खोऱ्यात आलेलं शेतकरी कुटुंब, आणि ब्रेनन त्यातले आजोबा अमोस. दर आठवड्याला तेच लंगडणं, तीच चिरक. मालिकेची गरजच तशी असते. प्रेक्षकाला पहिल्या मिनिटात ओळखीचा माणूस हवा. धंदा म्हणून हा सौदा उत्तम होता, निर्मितीतही त्याचा वाटा होता. पण ज्या पिढीने त्याला आधी टीव्हीवर पाहिलं तिच्यासाठी तो कायमचा अमोस झाला. १९६२ मध्ये शेतकरी आणि खेचराची गोष्ट सांगणारं त्याचं 'ओल्ड रिव्हर्स' हे निवेदनवजा गाणं बिलबोर्डच्या यादीत पाचव्या क्रमांकावर पोचलं, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी. १९६७ ते ६९ दरम्यानची 'द गन्स ऑफ विल सॉनेट' त्या मानाने बरी: तिथला म्हातारा ताठ आहे आणि आवाज पुन्हा खाली आलाय.

या माणसाचं राजकारण टोकाचं उजवं होतं. नागरी हक्कांच्या चळवळीमागे कम्युनिस्टांचा हात आहे असं तो उघड म्हणे, आणि १९७२ मध्ये निक्सनही मवाळ वाटल्याने त्याने अध्यक्षपदासाठी आणखी उजव्या जॉन श्मिट्झला पाठिंबा दिला. पडद्यावरच्या गोड आजोबांमागे हे दडवून ठेवायचं काही कारण नाही. ओरेगनमधल्या जोसेफ गावाजवळ त्याची मोठी जनावरांची वाडी होती, म्हणजे लिनचा हा पोरगा शेवटी खरोखरच पश्चिमेकडचा झाला. २१ सप्टेंबर १९७४ रोजी कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डमध्ये फुप्फुसाच्या विकाराने तो गेला, ऐंशी वर्षांचा होऊन.

पाहायचं असेल तर 'टू हॅव अँड हॅव नॉट' आणि 'क्लेमेंटाइन' लागोपाठ, शक्यतो एकाच आठवड्यात. मग 'द वेस्टर्नर'. 'बॅड डे अ‍ॅट ब्लॅक रॉक' (१९५५) चुकवू नका. त्यातला डॉक व्हेली हा गावाचा डॉक्टरही, जनावरांचा वैद्यही आणि मयताची व्यवस्था बघणाराही. गावाच्या पापाची लाज वाटणारा जवळजवळ एकटा. तो बोलत नसतो तेव्हाही त्याच्याकडे बघत राहा. दुसऱ्याचं वाक्य चालू असताना ब्रेनन हात हलवत नाही, टोपीशी चाळा करत नाही. उत्तर आधी डोळ्यांत येतं, मग तोंडात.

'रेड रिव्हर' घेताना मात्र आवृत्ती बघून घ्या. एक १३३ मिनिटांची आहे, तिच्यात प्रसंगांच्या मध्ये हस्तलिखित वहीची पानं पडद्यावर येतात आणि आपण ती वाचत बसतो. दुसरी १२७ मिनिटांची, तिच्यात पानांऐवजी ग्रूट म्हणजे ब्रेनन गोष्ट सांगतो. हॉक्सला दुसरीच आवडायची, पण टीव्हीवर आणि पुढे घरगुती व्हिडिओवर बरीच वर्षं पहिलीच फिरत राहिली. १२७ मिनिटांचीच घ्या.